चराच्या काठी एक माणूस हवा

देशातील प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतूंची केबल नेण्याचा संकल्प केंद्र सरकारने २०११ साली सोडला. २०१५ पासून ही योजना ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या सुधारित टप्प्यासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. एवढ्या मोठ्या रकमेचे काम देशात चालू असताना त्याची चर्चा व्हावी ती केवळ वेग किती आणि खर्च किती एवढ्यापुरतीच व्हावी, हे आम्हांस पुरेसे वाटत नाही. केबल जाते जमिनीखालून. तिच्यासाठी चर खणावा लागतो आणि साध्या मातीत त्या चराची ठरलेली खोली १.६५ मीटर आहे, म्हणजे मध्यम उंचीचा माणूस जवळजवळ बुडावा एवढी. काही अंतर खांबांवरून, काही अंतर जुन्याच नळ्यांतून काटले जात असले, तरी उरलेल्या अंतरात या देशाच्या मातीला असा लांबलचक छेद पूर्वी कधीही दिला गेलेला नाही. त्या छेदात काय दिसते, हे पाहण्यासाठी चराच्या काठी कोण उभे आहे? या प्रश्नाचे उत्तर, ‘कोणीही नाही’, असे आहे, आणि आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. केबल खेड्यात जाऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. खेड्यातील मुलाला शहरातल्या मुलाइतकेच ज्ञान सुलभ व्हावे, सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी शेतकऱ्याला तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागू नयेत, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला मोठ्या रुग्णालयाचा सल्ला तत्काळ मिळावा, या गोष्टी चैनीच्या नाहीत. ज्यांच्या घरी सर्व सोयी आहेत त्यांनी जुन्या दगडांच्या नावाने खेड्यातल्या सोयी अडवाव्यात, हा ढोंगीपणा आम्ही करणार नाही. प्रश्न केबल हवी की नको हा नसून ती टाकताना डोळे उघडे ठेवायचे की मिटून घ्यायचे, एवढाच आहे.

उदाहरणादाखल आम्ही एक गाव घेतो. बीदर तालुक्यात कमठाणा नावाचे गाव आहे. मोठा तलाव आणि पार्श्वनाथाचे जुने जैन मंदिर ही त्याची ओळख. आम्ही या गावाचे नाव घेतो ते तिथे काही दुर्घटना घडली म्हणून नव्हे. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सरहद्दीवर अशी शेकडो गावे आहेत. ती कोणाच्या पाठ्यपुस्तकात नाहीत, पर्यटकांच्या नकाशावर नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या मातीत फाळ जावो की यंत्राचा दात, कोणाच्या कपाळावर आठी पडत नाही. कमठाणा हे त्या सर्वांचे प्रातिनिधिक नाव समजावे.

या भागातील माती म्हणजे नुसती माती नव्हे. कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचे कल्याण. हिंदू वारसा कायद्याच्या निमित्ताने ज्या ‘मिताक्षरे’चे नाव आजही न्यायालयांत घेतले जाते, ती विज्ञानेश्वराची टीका चालुक्य विक्रमादित्याच्या, म्हणजे सहाव्या विक्रमादित्याच्या, आश्रयाने याच प्रदेशात रचली गेली. महात्मा बसवेश्वरांच्या कार्याची भूमी हीच. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी आपली राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलवली आणि वास्तूंचा आणखी एक थर या पठारावर चढला. जैन, शैव, वैष्णव, लिंगायत, मुसलमान या सर्वांचे अवशेष इथे एकावर एक रचलेले आहेत, आणि ते सारे कुंपण घातलेल्या स्मारकांतच सामावले आहेत असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना हा मुलूख दूरचा वाटेल. पण गोव्याच्या कदंब घराण्यातील दुसरा जयकेशी हा याच सहाव्या विक्रमादित्याचा जावई. गोपकपट्टणाच्या बंदरातून समुद्रापलीकडे पोहोचणारे कदंब आणि कल्याणचे चालुक्य हे एकमेकांचे सोयरे होते. पुढे १४७२ च्या सुमारास बीदरच्या ज्या वजिराने, महमूद गवानने, गोवा बहामनी राज्यास जोडला, त्याचाच मदरसा आजही बीदर शहरात उभा आहे. बीदरचे पठारही आमच्यासारख्याच जांभ्या दगडाचे आहे. तेव्हा तिथल्या मातीची चौकशी आम्ही केली तर ती उंटावरून शेळ्या हाकणे ठरू नये. शिवाय एक अगदी आजचा धागाही आहे. भारतनेटच्या नव्या टप्प्यात कर्नाटक, गोवा व पुदुच्चेरी यांचे काम एकाच निविदेत बांधलेले आहे. कमठाण्याच्या चराला जो नियम लागू, तोच काणकोण आणि सत्तरीच्या चरालाही लागू. नियम नसेल तर तो दोन्हीकडे नाही!

आता त्या १.६५ मीटर खोलीचा अर्थ काय, ते पाहू. दख्खनच्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जात. कसण्याची ती काळी आणि राहण्याची ती पांढरी. घरांच्या मातीच्या भिंती पडाव्यात, त्यांवर नव्या उभ्या राहाव्यात, चुलीतली राख, गोठ्यातले शेण, फुटकी मडकी यांची भर शेकडो वर्षे पडत राहावी, तेव्हा कुठे ती पांढर तयार होते. दुष्काळ, साथ किंवा स्वारी यांमुळे गाव उठून गेले तरी पांढर मागे राहते, आणि जुन्या महसुली दप्तरात त्या जागेपुढे ‘बेचिराख’ असा शेरा पडतो. पावसाळ्यानंतर अशा टेकाडावर मणी, खापरे, नाणी वर येतात, हे गुराख्यालाही ठाऊक असते. केबल जाते ती मुख्यतः रस्त्याच्या कडेने आणि ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत, म्हणजे नेमकी याच वस्तीच्या जागेतून. दीड मीटरच्या त्या थरात काही ठिकाणी दोन-चार शतकांचा, तर काही ठिकाणी दोन हजार वर्षांचा इतिहास घडी घालून ठेवलेला असू शकतो.

हा केवळ तर्क नव्हे. या परिसरातील इतिहासाची मोठमोठी पाने योगायोगानेच उलगडली आहेत. रायचूर जिल्ह्यातील मस्की येथील शिलालेख १९१५ साली सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्या एका खाण अभियंत्याच्या दृष्टीस पडला. ‘देवानांप्रिय’ म्हणवून घेणारा राजा म्हणजे अशोकच, याचा त्या लेखातील नामोल्लेखाने उलगडा झाला. कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नती येथे १९८६ साली देवळाचे छत कोसळले, आणि मूर्तीच्या बैठकीसाठी वापरलेली शिळा अशोकाच्या आज्ञा कोरलेली निघाली. जवळच कनगनहळ्ळी येथे पुढे पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले तेव्हा स्तूपाच्या शिल्पपट्टांत अशोकाची नाव कोरलेली प्रतिमा मिळाली. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील दायमाबादला १९७४ साली झाडाची मुळे खणणाऱ्या एका शेतकऱ्याला काशाचे चार खेळणीवजा पुतळे सापडले. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा त्या चौघांचे वजन साठ किलोंहून अधिक भरले, आणि महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाविषयीच्या कल्पना त्यांनी बदलून टाकल्या. सोलापूर जिल्ह्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे मराठीतील आद्य शिलालेखांपैकी एक, शके ९४० चा, आहे. तिथलेच हरिहरेश्वराचे देऊळ मातीच्या ढिगाखाली गाडलेले होते.

या हकिकती आपण कौतुकाने सांगतो. परंतु त्यांत एक गोष्ट समान आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. प्रत्येक ठिकाणी काम संथ होते, हात माणसाचा होता आणि पाहणाऱ्याला थांबण्याची मुभा होती. कुदळीला दगड लागला तर मजूर थांबतो, वाकून पाहतो. जेसीबी यंत्राच्या दाताला वीरगळ लागली काय आणि कातळ लागला काय, चालकाच्या बैठकीवरून दोन्ही सारखेच. त्याला दिवसाला अमुक मीटर चर उरकायचा असतो. संध्याकाळी केबल पडते, माती लोटली जाते, आणि जे दिसले असते ते न दिसताच मिटते. वाचलेल्या शोधांची यादी आपल्यापाशी आहे. न वाचलेल्यांची यादी कोण ठेवणार?

मेक्सिको शहरातील एक घटना या बाबतीत फार बोलकी आहे. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी तिथल्या वीज कंपनीचे कामगार भूमिगत केबलसाठी खणत होते. जमिनीखाली सुमारे दोन मीटरवर त्यांना कोरीव दगड लागला. त्यांनी काम थांबवले आणि वार्ता पुराणवस्तूंच्या बचावासाठी असलेल्या सरकारी विभागापर्यंत गेली. सव्वातीन मीटर व्यासाची ती शिळा अॅझटेकांच्या चंद्रदेवतेची निघाली. तिच्या मागोमाग त्यांच्या महामंदिराचे अवशेष हाती आले, १९७८ ते १९८२ या काळात मोठे उत्खनन झाले आणि १९८७ साली तिथे वस्तुसंग्रहालय उघडले. ही किमया केबल खणणाऱ्या कामगारांची, हे खरे. पण वार्ता कोणाला द्यायची हे ठरलेले होते आणि वार्ता मिळताच धावून येणारा विभाग अस्तित्वात होता, हेही तितकेच खरे. कमठाण्याच्या मजुराला असा दगड लागला तर त्याने कोणाला सांगावे? मुकादमाला? मुकादमाने ठेकेदाराला? आणि ठेकेदाराने?

आपल्या कायद्यांकडे पाहिले तर चमत्कारिक चित्र दिसते. पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला एखाद्या टेकाडावर चार हात लांबरुंद खड्डा खणायचा असेल तर १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यान्वये परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पण तेच टेकाड केबलसाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरायचे असेल, आणि ते संरक्षित क्षेत्रात येत नसेल, तर पुरातत्त्व खात्याला विचारण्याचे कारण नाही. रस्ता खणण्याची परवानगी लागते, कारण रस्त्याला मालक आहे. इतिहासाला मालक नाही. म्हणजे जो जपून, थरानुथर, टिपणे घेऊन खणणार त्याच्यावर निर्बंध, आणि जो काहीही न पाहता खणणार त्याला मोकळे रान!

संरक्षित स्मारकांच्या भोवताली तरी स्थिती बरी असेल, असे कोणास वाटेल. २०१० साली कायद्यात दुरुस्ती होऊन स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. मात्र त्याच दुरुस्तीत ‘बांधकाम’ या शब्दाची जी व्याख्या आली, तीतून गटारे, सार्वजनिक पाणीपुरवठ्याची कामे, वीजपुरवठा व वितरण आणि लोकांसाठीच्या तत्सम सोयी वगळण्यात आल्या. हेतू चांगला होता. स्मारकाशेजारच्या गरिबाला पाणी आणि दिवा मिळू नये असे कोण म्हणेल? पण ज्या कामांत जमीन सर्वांत अधिक खणली जाते, नेमकी तीच कामे व्याख्येबाहेर राहिली. दिसणारी भिंत वर चढू नये म्हणून कायदा डोळ्यांत तेल घालून जागा आहे. न दिसणारी भिंत खाली फुटू नये म्हणून मात्र कोणी जागे नाही.

बरे, दिसणाऱ्या वास्तूंची राखण तरी कशी चालली आहे? भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ साली दिलेल्या अहवालात, तपासलेल्या १,६५५ संरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर आढळलीच नाहीत, असे नमूद आहे. ज्यांची नोंद होती, ज्यांना फलक होता, ती नाहीशी होऊ शकतात. मग ज्यांची नोंदच नाही त्या जमिनीतल्या पायांची, विहिरींची, ताम्रपटांची काय कथा!

याहून गंभीर बाब माणसाच्या भीतीची आहे. जमिनीत सापडलेल्या वस्तूंविषयी देशाचा मूळ कायदा १८७८ सालचा, ब्रिटिशांच्या राजवटीतला, आहे. कर्नाटकाने या विषयावर १९६२ साली स्वतःचा कायदा केला. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू जमिनीत सापडली तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवावे. न कळवल्यास शिक्षा. त्याच कायद्यात सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा अशीही तरतूद आहे, पण शिक्षेची वार्ता सर्वांना आणि वाट्याची कोणालाच नाही. सरकारला ती वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल तर तिच्या नुसत्या द्रव्याची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा दिला म्हणजे झाले. म्हणजे एखाद्या राजघराण्याची वंशावळ कोरलेला ताम्रपट असेल, तर तांब्याचा भाव अधिक वीस टक्के! अशा हिशेबात मजुराने प्रामाणिक राहावे ते कशाच्या बळावर? शेतकऱ्यास वाटते की, सांगितले तर शेत सरकारजमा होईल. मजुरास वाटते की, पोलीस चौकीत बसवून ठेवतील आणि रोज बुडेल. ठेकेदारास वाटते की, काम अडकेल आणि दंड बसेल. तिघांचाही स्वार्थ गप्प बसण्यात आहे. शहाण्या राज्यकर्त्याने कायदा असा करावा की खरे बोलण्यात माणसाचा तोटा होऊ नये. आपण नेमके उलट केले आहे, आणि मग ‘लोकांना वारशाची जाण नाही’, म्हणून व्याख्याने देतो!

‘चर खणण्याऐवजी आता आडवे भोक पाडणारी यंत्रे आली आहेत, जमीन उकरावी लागत नाही, तेव्हा प्रश्न मिटला’, असाही युक्तिवाद ऐकू येतो. प्रश्न मिटत नाही, दिसेनासा होतो. उघड्या चरात निदान मातीचे थर पाहता येतात. आडव्या भोकात काय फुटले ते देवालाच ठाऊक. बीदरजवळ नौबाद येथे बहामनी काळातील कारेझ आहे. मलिक अंबरच्या औरंगाबादेतील नहरीप्रमाणे जमिनीखालून पाणी वाहून नेणारा हा बोगदा, वर हवेसाठी आणि साफसफाईसाठी ठेवलेली उभी विवरे. वर्षानुवर्षे ही विवरे बुजत, बुजवली जात राहिली, आणि अलीकडच्या काळात अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा कुठे लोकांना कळले की आपण कशावर चालत होतो. २०१४ साली बीदर नगरीचे नाव जागतिक स्मारक निधीच्या धोक्यातील वारशाच्या यादीत आले. ज्या प्रदेशात पाण्याच्या वाटाच जमिनीखालून गेल्या आहेत, तिथे नकाशावाचून यंत्र चालवणे म्हणजे आंधळ्याने शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे. आणि कारेझ फुटली तर ते केवळ इतिहासाचे नुकसान नव्हे. दुष्काळी पठारावरच्या पाण्याचेही आहे.

खर्च आणि विलंब यांचा आक्षेप नेहमीचाच. तोही तपासून पाहावा. पेरू हा काही धनाढ्य देश नव्हे. त्याच्या राजधानीत, लिमा येथे, घरोघर वायूच्या नळ्या टाकणारी कंपनी २००४ पासून पुरातत्त्वाचे जाणकार सोबत घेऊन चर खणते, कारण तिथल्या कायद्याने तशी देखरेख बंधनकारक आहे. वीसेक वर्षांत त्या चरांतून हजाराहून अधिक जागी प्राचीन अवशेष मिळाले, आणि वायूही घरोघर पोहोचला. इंग्लंडमध्ये १९९० साली नियोजनाच्या धोरणात हे तत्त्व आले की, जो जमीन खणणार त्याने तीतील पुराव्याची तजवीज करावी. १९९२ साली माल्टातील करारान्वये युरोपातील अनेक राष्ट्रांनी तेच स्वीकारले. तिथे प्रत्येक चराच्या जागी उत्खनन होत नाही. बहुतेक ठिकाणी एक जाणता माणूस खणणाऱ्यांच्या मागोमाग चालतो, पाहतो, टिपतो, आणि काही आढळले तरच थांबा म्हणतो. काही आढळले नाही, तर तीही नोंद होते. यात अवघड ते काय आहे?

परदेशाचे दाखले नकोत म्हणणाऱ्यांसाठी घरचाही आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावकऱ्यांना शेतात, बांधावर सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. आज तेरच्या संग्रहालयात जे वैभव दिसते, त्याचे मूळ त्या संग्रहात आहे, आणि तेथील हस्तिदंती पुतळीची तुलना इटलीतील पाँपेईत मिळालेल्या पुतळीशी केली जाते. एक जागरूक माणूस काय करू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण कोणते हवे? जे एका व्यापाऱ्याने स्वतःच्या हौसेने केले, ते करोडोंचा खर्च करणाऱ्या योजनेने पगारी माणूस नेमून करू नये काय?

आमच्या मते पाच गोष्टी तातडीने आणि अल्प खर्चात करता येतील. पहिली, केबलचा मार्ग आखण्यापूर्वी गावातील चार वृद्धांना बरोबर घेऊन अर्धा दिवस त्या मार्गाने चालावे आणि पांढर, गढी, जुनी तळी, विहिरी, वीरगळ, ओसाड देवळे नकाशावर लाल शाईने दाखवावीत. अनेकदा मार्ग पाचपन्नास हात सरकवला तरी पुढचे सर्व संकट टळते, आणि कागदावर रेघ सरकवण्यास पैसा लागत नाही. दुसरी, लाल खुणांच्या टप्प्यात खणताना प्रशिक्षित निरीक्षक हजर असावा आणि त्याचा मोबदला निविदेतच धरलेला असावा. कलबुर्गी, धारवाड, पुणे, गोवा येथील विद्यापीठांतून इतिहास व पुरातत्त्व शिकून बाहेर पडलेले कितीतरी तरुण काम शोधत असतात. तिसरी, काही आढळल्यास त्या टप्प्याचे काम तीन दिवस थांबावे, पुढचे चालू राहावे, आणि थांबलेल्या दिवसांसाठी ठेकेदारास दंड न लावता मुदत वाढवून द्यावी. चौथी, वस्तू दाखवणाऱ्या मजुरास ठरलेल्या मुदतीत रोख बक्षीस मिळावे आणि संग्रहालयातील पाटीवर त्याचे नाव यावे. ही सूचना त्याच्या भाषेत लिहिलेली असावी. त्या सरहद्दीवर कानडी, मराठी, तेलुगू, दखनी अशा चार बोली बोलणारे हात एका चरात राबतात. पाचवी, छायाचित्रे आणि टिपणे यांची एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी. ज्या ग्रामपंचायतीत केबल येणार, तिला आपल्याच पायाखाली काय होते ते कळू नये, यासारखा विरोधाभास दुसरा नाही.

यासोबत २०१० च्या व्याख्येतील पळवाट संसदेने बुजवावी. सोयीची कामे अडवण्याची गरज नाही. ती देखरेखीखाली व्हावीत एवढी एक ओळ पुरेशी आहे.

सरहद्दीच्या प्रदेशात आणखी एक अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुने हैदराबाद राज्य विभागले गेले. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात, गेले आणि उरलेल्या जिल्ह्याचा बहुतांश भाग आजच्या कर्नाटकात. माणसांची भाषा पाहून रेषा ओढली गेली. मातीतल्या थरांना भाषा विचारण्याची सोय नव्हती. परिणामी एका काळी एकाच दप्तरात असलेला इतिहास निरनिराळ्या राज्यांच्या खात्यांत वाटला गेला. सीमेचा वाद ज्यांना चालवायचा त्यांनी तो चालवावा. पण जमिनीखालच्या शिळेवर कानडी अक्षरे निघोत, मराठी निघोत वा फारसी निघोत, ती आपलीच आहे, एवढे मोठे मन दोन्ही बाजूंनी दाखवले पाहिजे. ज्या देवळात एकाच भिंतीवर दोन लिप्या सुखाने नांदल्या, त्याच्या वारसांनी भांडत बसावे आणि मधल्या मध्ये यंत्राने भिंत न्यावी, ही शोभेची गोष्ट नव्हे.

गोमंतकातही आत्मसंतुष्ट राहण्यासारखे काही नाही. साळावली धरणाच्या पाण्यात जाणारे कुर्डीचे महादेव मंदिर दगड न् दगड उतरवून दुसरीकडे उभारले गेले, याचा आम्हांस अभिमान आहे. ते शक्य झाले, कारण ते डोळ्यांना दिसत होते. पण चांदरच्या मातीत प्राचीन चंद्रपूर आहे. गोवा वेल्ह्याच्या परिसरात गोपकपट्टण आहे. जुन्या गोव्यात काही चर्चे उभी दिसतात, बाकीचे अख्खे नगर माडांच्या मुळांखाली झोपलेले आहे. उसगाळीमळ येथील कातळचित्रे १९९३ पर्यंत अभ्यासकांना ठाऊक नव्हती. कुशावतीच्या काठच्या माणसांना मात्र ती ठाऊक होती. आमच्या गावांतून चर खणला जाईल तेव्हा त्या काठच्या माणसाला कोणी विचारणार आहे काय?

पारतंत्र्याच्या काळात आमची तक्रार अशी होती की, आमचा इतिहास परक्यांनी लिहिला, हवा तसा लिहिला आणि नको तो पुसला. ती तक्रार खरी होती. ती करणाऱ्यांनी तुरुंगही भोगला. आता राज्य आपले, खाते आपले, ठेकेदार आपला आणि यंत्रही आपले. या अवस्थेत इतिहास पुसला गेला तर बोट कोणाकडे दाखवायचे? शिवाय पुसणारा या वेळी शत्रूही नसेल. तो असेल उन्हात राबणारा, घाईत असलेला, कोणीही काही न सांगितलेला एक साधा माणूस, आणि त्याला काही न सांगणारे आपण सर्वजण.

मातीतला पुरावा हे एकदाच वाचता येणारे पुस्तक आहे. पान उलटले की ते फाटते. केबल पन्नास वर्षांनी जुनी होईल, दुसरी येईल. चर मात्र त्या जागी पहिल्यांदा एकदाच खणला जातो. बैल गेल्यावर झोपा करण्यात आपला हातखंडा आहे. या वेळी बैल अजून गोठ्यात आहे. कमठाण्याच्या वेशीवर यंत्र पोहोचेल त्या सकाळी चराच्या काठी हातात वही घेतलेला एक माणूस उभा असावा, एवढीच आमची मागणी आहे. दिल्ली, बेंगळुरू आणि पणजी येथील सरकारांना ती पुरी करणे जड जाऊ नये.